'पित्कॅ-आइकाइस-साइराउस' म्हणजे काय? दीर्घकाळच्या आजारासाठीच्या फिनिश शब्दाचा अर्थ आणि वापर

"तसा मला काही आजार नाही, फक्त बीपीची गोळी चालू आहे." हे वाक्य आपल्याकडे घराघरांत ऐकू येतं. बोलणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही आणि ऐकणाऱ्यालाही नाही. पण फिनलंडमध्ये दवाखान्याचा फॉर्म भरताना हेच वाक्य मनात ठेवून उत्तर दिलं, तर ते चुकीचं ठरतं. तिथल्या फॉर्मवर एक लांबलचक शब्द हमखास भेटतो : पित्कॅ-आइकाइस-साइराउस. बीपीची रोजची गोळी चालू असेल, तर या शब्दापुढचं उत्तर 'हो' असं असतं.

हा शब्द नेमका काय सांगतो, काय सांगत नाही, आणि त्याच्या जवळपासच्या शब्दांपेक्षा तो वेगळा कसा, हे या लेखात पाहू.

थोडक्यात अर्थ

पित्कॅ-आइकाइस-साइराउस म्हणजे दीर्घकाळ चालणारा आजार. मधुमेह, दमा, उच्च रक्तदाब, संधिवात, अपस्मार, हृदयविकार, थायरॉईडचे विकार, दीर्घकाळचं नैराश्य असे अनेक आजार या एका शब्दाखाली येतात.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. हा शब्द फक्त काळाबद्दल बोलतो. आजार किती गंभीर आहे, तो बरा होणार की नाही, माणूस अंथरुणाला खिळला आहे की रोज ऑफिसला जातो आहे, यांपैकी काहीही तो सांगत नाही. 'हा आजार बराच काळ सोबत असतो', एवढंच त्याचं म्हणणं. फॉर्म भरताना किंवा भाषांतर करताना होणारा बहुतेक गोंधळ या एका मुद्द्याने सुटतो.

शब्दाची फोड

फिनिश भाषेत हा शब्द सलग लिहितात. वाचायला सोपं जावं म्हणून इथे मध्ये रेघा दिल्या आहेत. रोमन लिपीत त्याची 18 अक्षरं होतात. त्याचे तीन भाग असे :

- पित्कॅ : लांब, दीर्घ
- आइका : वेळ, काळ
- साइराउस : आजार

'आइका'पासून 'आइकाइनेन' हे विशेषण होतं आणि 'पित्कॅआइकाइनेन' म्हणजे दीर्घकाळचं. समासात पुढे दुसरा शब्द आला की शेवटचं 'नेन' गळतं आणि त्याच्या जागी 'स' येतो. म्हणून 'पित्कॅआइकाइस'. त्याला 'साइराउस' जोडलं की पूर्ण शब्द तयार. मधले दोन 'स' त्यामुळेच : एक आधीच्या भागाचा, दुसरा पुढच्या भागाचा.

मराठी वाचकाला ही रचना ओळखीची वाटेल. आपल्या 'दीर्घकालीन' शब्दाची फोड करून बघा : दीर्घ, काल आणि ईन प्रत्यय. फिनिशमध्ये पित्कॅ, आइका आणि इनेन. अगदी पायरीला पायरी. या दोन भाषांचं नातं मात्र नाही. मराठी इंडो-युरोपीय कुळातली, तर फिनिश उरालिक कुळातली. एस्टोनियन तिची जवळची बहीण आणि हंगेरियन लांबची. दोन परक्या भाषांनी एकाच गरजेसाठी सारखीच जुळणी केली, एवढंच.

उच्चार कसा करायचा?

फिनिश भाषा बऱ्याच अंशी लिहितात तशीच वाचतात, ही मराठी माणसाच्या सोयीची गोष्ट आहे. 'पित्'मधला त आपल्या 'ताट'मधल्यासारखा. 'कॅ'चा स्वर 'कॅमेरा'तल्यासारखा. जोर नेहमी पहिल्या अक्षरावर, म्हणजे 'पित्'वर. समासातल्या पुढच्या भागांच्या सुरुवातीलाही थोडा जोर येतो : पित्कॅ, आइकाइस, साइराउस. दोन 'स' एकत्र येतात तिथे किंचित थांबायचं, कारण फिनिशमध्ये जोड व्यंजन आणि एकेरी व्यंजन यांनी अर्थ बदलू शकतो.

'साइराउस' हा शब्द आला कुठून?

'साइराउस' म्हणजे आजार आणि 'साइरास' म्हणजे आजारी. 'साइरास' हा मूळचा फिनिश शब्द नव्हे. फार पूर्वी शेजारच्या जर्मानिक भाषांमधून तो फिनिशमध्ये आला. तिथे त्याचा अर्थ दुखरा, वेदना देणारा असा होता. दुखऱ्या जागेसाठीचा इंग्रजी 'सोअर' आणि जखमेसाठीचा स्वीडिश 'सोर' हे त्याच मुळाचे शब्द. जर्मानिक भाषांमध्ये शब्दाचा जुना शेवट झिजून गेला, पण फिनिशने तो 'आस'च्या रूपात जपून ठेवला. राजा या अर्थाच्या 'कुनिंगास' या फिनिश शब्दाचीही हीच गोष्ट आहे.

'साइरास'चं गोत मोठं आहे. फिनलंडमध्ये राहणाऱ्याला हे शब्द पावलोपावली दिसतात :

- साइराला : हॉस्पिटल. शेवटचा 'ला' हा जागा दाखवणारा प्रत्यय. कॉफीच्या दुकानाला 'काहविला' म्हणतात, तोच हा 'ला'.
- साइरास्तुआ : आजारी पडणे
- साइरास्ता : आजार असणे, आजार भोगणे
- साइराउस्लोमा : आजारपणाची रजा
- साइरानहोइताया : परिचारिका, शब्दशः आजाऱ्याची काळजी घेणारी व्यक्ती

याच्या उलट शब्द 'तेर्वे', म्हणजे निरोगी. गंमत म्हणजे फिनिश माणसं भेटल्यावर नमस्कारासाठीही 'तेर्वे!' म्हणतात.

सोशल मीडियावर 'साइरान ह्युव्हॅ' असं काही दिसलं, तर कोणी आजारी आहे असं समजू नका. बोलीभाषेत त्याचा अर्थ 'कसलं भारी!' असा होतो. शब्दशः घेतलं तर 'आजारी म्हणावं इतकं चांगलं'. पित्कॅ-आइकाइस-साइराउस मात्र असा थट्टेत वापरला जात नाही. तो दवाखान्याचा, सरकारी कागदांचा आणि गंभीर गप्पांचा शब्द आहे.

किती दिवस म्हणजे 'दीर्घकाळ'?

साहजिक प्रश्न. याचं एकच उत्तर नाही, कारण प्रश्न कोण विचारतं त्यावर ते ठरतं.

युरोपियन युनियनच्या देशांत आरोग्याची जी नियमित पाहणी होते, तिच्यात सहा महिने किंवा त्याहून जास्त चाललेला, किंवा तितका चालेल असा अंदाज असलेला आजार दीर्घकाळचा धरतात. फिनलंडमध्येही ही पाहणी होते.

अपंगत्व किंवा आजारामुळे मिळणाऱ्या सरकारी भत्त्यांपैकी एकाचं नाव 'वाम्माइस्तुकि'. तिथे मोजमाप वेगळं आहे. माणसाची काम करण्याची किंवा रोजचे व्यवहार करण्याची क्षमता सलग किमान एक वर्ष घटलेली असावी लागते.

डॉक्टरांच्या रोजच्या बोलण्यात महिन्यांचा असा हिशेब नसतो. औषध कायम घ्यावं लागतं, नियमित तपासण्या कराव्या लागतात, आजार येऊन-जाऊन डोकं वर काढतो, असं असेल तर तो पित्कॅ-आइकाइस-साइराउस.

म्हणजे मोडलेला पाय दोन महिन्यांत जुळला तर तो यात येत नाही, जरी ते दोन महिने माणूस घरीच पडून होता. आणि दम्याचा पंप वर्षात दोनदाच लागला, तरी दमा यात येतो.

जवळचे शब्द आणि त्यांतला फरक

फिनिशमध्ये आजारासाठी बरेच शब्द आहेत. ते एकमेकांच्या जागी टाकले तर अर्थ घसरतो.

*क्रोनिनेन साइराउस.* 'काळ' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलेला. अर्थ जवळजवळ तोच, पण सूर वैद्यकीय. रोगाच्या नावात तो जास्त दिसतो. साध्या लोकांशी बोलताना पित्कॅ-आइकाइस-साइराउस अधिक सोपा समजतात.

*पेरुस्साइराउस.* 'पेरुस' म्हणजे पाया, मूळ. आधीपासून असलेला आजार. माणूस एखाद्या नव्या तक्रारीसाठी आला असेल, तर त्याला आधीपासून काय आहे हे या शब्दाने विचारतात. 2020 मध्ये कोरोनाच्या काळात फिनिश बातम्यांत हा शब्द सतत ऐकू येत होता. आपल्याकडे त्या वेळी 'सहव्याधी' हा शब्द असाच घरोघरी पोचला.

*ताउति.* याचाही अर्थ रोग. नावं असलेल्या रोगांच्या शेवटी तो लागतो. 'स्युदॅन' म्हणजे हृदय, म्हणून 'स्युदॅन्ताउति' म्हणजे हृदयविकार. ताउति अल्पकाळचा असू शकतो किंवा दीर्घकाळचा.

*कान्सान्ताउति.* 'कान्सा' म्हणजे जनता. देशात फार मोठ्या प्रमाणावर असलेला आणि सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न बनलेला आजार. हृदयविकार, मधुमेह, दमा यांना फिनलंडमध्ये असं म्हणतात.

*वाइवा.* त्रास, तक्रार, कुरबुर. पाठीचं दुखणं, मानेचं दुखणं. आपण 'मला गुडघ्याचा त्रास आहे' म्हणतो, तो त्रास म्हणजे वाइवा.

*पारान्तुमातोन.* बरा न होणारा, असाध्य. हा पूर्ण वेगळा शब्द आहे. पित्कॅ-आइकाइस-साइराउस असाध्य असेलच असं नाही, आणि असाध्य आजार दीर्घकाळ चालेलच असंही नाही.

मराठीत याला काय म्हणावं?

भाषांतराच्या ॲपवर हा शब्द टाकला की वेगवेगळे मराठी शब्द समोर येऊ शकतात. त्यांतले सगळे चालणारे नाहीत.

'दीर्घकालीन आजार' हा सर्वांत नेमका. अर्थ आणि रचना, दोन्ही जुळतात. 'दीर्घ मुदतीचा आजार' हेही चालेल.

'जुनाट आजार' बोलण्यात रुळलेला आहे, पण त्यात आजार जुना झाल्याची, दुर्लक्षामुळे मुरल्याची छटा येते. 'जुनाट खोकला' आपण म्हणतो तो याच अर्थाने. कालच निदान झालेल्या आठ वर्षांच्या मुलीच्या मधुमेहाला 'जुनाट' म्हणणं विचित्र वाटेल. फिनिशमध्ये मात्र निदानाच्या पहिल्याच दिवशी तो पित्कॅ-आइकाइस-साइराउस असतो, कारण हा शब्द मागच्या काळाइतकाच पुढच्या काळाबद्दलही बोलतो.

'दुर्धर आजार' हे भाषांतर टाळावं. दुर्धर म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर कॅन्सर, मोठी ऑपरेशनं आणि मदतीचे अर्ज येतात. थायरॉईडची एक गोळी घेणाऱ्या माणसाच्या फिनिश कागदाचं मराठी भाषांतर करताना 'दुर्धर आजार' लिहिलं, तर गावाकडे घरच्यांच्या तोंडचं पाणी पळेल.

वाक्यात वापर

काही नेहमीची वाक्यं पाहू.

'मिनुल्ला ऑन पित्कॅ-आइकाइस-साइराउस.' म्हणजे : मला दीर्घकाळचा आजार आहे. फिनिशमध्ये 'माझ्याजवळ असणे' यासाठी वेगळं क्रियापद नाही. 'मिनुल्ला ऑन' म्हणजे साधारण 'माझ्यापाशी आहे'. इंग्रजीपेक्षा मराठीच्या 'मला आहे'शी हे जास्त जुळतं.

'ऑन्को सिनुल्ला पित्कॅ-आइकाइस-साइराउक्सिआ?' म्हणजे : तुम्हाला काही दीर्घकाळचे आजार आहेत का? फॉर्मवरचा नेहमीचा प्रश्न हाच.

'हॅन साइरास्ता आस्तमा.' म्हणजे : तिला दमा आहे. किंवा त्याला दमा आहे. 'हॅन' हे सर्वनाम 'तो' आणि 'ती' दोघांसाठीही चालतं.

वर 'साइराउस'चं 'साइराउक्सिआ' झालं ते लक्षात आलं असेल. आपल्याकडे 'आजार'चं 'आजाराला', 'आजारांचा' होतं, तसं तिथेही शब्दाचं रूप बदलतं. साइराउस, साइराउदेन, साइराउत्ता, साइराउदेत, साइराउक्सिआ ही सगळी एकाच शब्दाची रूपं. त्यामुळे शब्द ओळखायचा असेल तर शेवटाकडे न बघता 'पित्कॅआइकाइस' ही सुरुवात शोधा. मात्र या सुरुवातीचे इतरही शब्द आहेत. उदाहरणार्थ, 'पित्कॅआइकाइस-त्युओतोन' म्हणजे दीर्घकाळ बेरोजगार असलेला माणूस.

आजार वेगळा, माणूस वेगळा

या शब्दाचं एक जुळं भावंड आहे : पित्कॅ-आइकाइस-साइरास. शेवटी 'साइराउस'ऐवजी 'साइरास'. पहिला शब्द आजाराचं नाव, दुसरा त्या माणसाचं. दीर्घकाळ आजारी असलेली व्यक्ती.

अक्षरांत एवढासा फरक, पण बोलताना तो मोठा होतो. 'मला दीर्घकाळचा आजार आहे' आणि 'मी दीर्घकाळचा आजारी आहे' ही दोन वाक्यं मराठीतही सारखी वाटत नाहीत. पहिल्यात आजार ही माणसाजवळची एक गोष्ट आहे, तर दुसऱ्यात ती त्याची ओळख होते. म्हणून काही लेखनात 'पित्कॅ-आइकाइस-साइराउत्ता साइरास्तावा', म्हणजे 'दीर्घकाळचा आजार असलेली व्यक्ती', अशी लांब रचना वापरतात. स्वतःबद्दल बोलताना मात्र काही जण मुद्दाम 'साइरास' हाच शब्द घेतात. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या माणसाला 'तुला काय झालंय?' या प्रश्नाला दर वेळी तोंड द्यावं लागत असेल, तर एक स्पष्ट शब्द त्याच्या बाजूने उभा राहतो.

दुसऱ्याबद्दल लिहिताना आजाराचं नाव घ्यावं, माणसावर शिक्का मारू नये. स्वतःबद्दल काय म्हणायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

या शब्दाला पैशांचं वजन कसं येतं?

फिनलंडमध्ये सामाजिक विम्याचं काम एक सरकारी संस्था बघते. 1937 मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचं पूर्ण नाव 'कान्सानएलॅकेलाइतोस', पण सगळे तिला 'केला' म्हणतात. मराठीत वाचताना हे क्रियापद वाटू शकतं, म्हणून इथे अवतरण चिन्हांत लिहितो.

डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधांच्या किमतीचा काही भाग 'केला' भरते. त्याचे तीन स्तर आहेत : 40 टक्के, 65 टक्के आणि 100 टक्के. सुरुवातीची ठरावीक रक्कम स्वतःच्या खिशातून गेली की ही सवलत साधारणपणे सुरू होते. 40 टक्के हा सर्वसाधारण स्तर. वरचे दोन स्तर खास आजारांसाठी. उदाहरणार्थ, इन्सुलिन आणि अपस्माराची औषधं 100 टक्क्यांच्या स्तरात येतात, तर दमा आणि उच्च रक्तदाबाची औषधं 65 टक्क्यांच्या. 100 टक्के म्हटलं तरी औषध अगदी फुकट मिळत नाही. 2016 मध्ये प्रत्येक औषधामागे रुग्णाने भरायची रक्कम साडेचार युरो ठरवण्यात आली.

वरच्या स्तरांसाठी कायद्यात जे शब्द आहेत ते असे : 'वाइकेआ या पित्कॅआइकाइनेन साइराउस'. इथला 'या' म्हणजे 'आणि', तर 'वाइकेआ' म्हणजे गंभीर, अवघड. म्हणजे आजार दीर्घकालीन आणि गंभीर, दोन्ही हवा. पित्कॅ-आइकाइस-साइराउस हा शब्द गांभीर्य सांगत नाही, हे आधी पाहिलं. त्याचा पुरावा इथे मिळतो. शब्दातच गांभीर्य असतं, तर कायद्याला ते वेगळं लिहावं लागलं नसतं.

ही सवलत आपोआप मिळत नाही. डॉक्टर 'बे-लाउसुन्तो' नावाचं प्रमाणपत्र लिहितात. 'बे' म्हणजे रोमन लिपीतलं दुसरं अक्षर. त्याच्या आधारे 'केला' निर्णय देते. बीपी थोडं वाढलेलं आहे म्हणून गोळी चालू असेल, तर तो दीर्घकालीन आजार आहेच, पण वरच्या स्तराची सवलत मिळेलच असं नाही.

निम्मा देश आजारी आहे का?

युरोपच्या पाहणीत 'तुम्हाला दीर्घकाळचा आजार किंवा आरोग्याची तक्रार आहे का?' या प्रश्नाला फिनलंडमधले सुमारे निम्मे लोक 'हो' म्हणतात. युरोपातल्या सर्वांत वरच्या आकड्यांपैकी हा एक आहे. तो पाहून 'जगातल्या सर्वांत आनंदी देशात निम्मे लोक आजारी' अशी पोस्ट सहज तयार होईल. पण त्या आकड्याचा अर्थ तसा नाही.

पाहणीत लोक स्वतःहून सांगतात ते मोजलं जातं. जिथे तपासण्या सहज होतात, निदान लवकर होतं आणि आजार सांगण्यात लाज वाटत नाही, तिथे 'हो' म्हणणारे वाढतात. जिथे 'बीपीची गोळी म्हणजे आजार नव्हे' असं लोक मानतात, तिथे ते कमी दिसतात. लोकसंख्येचं वयही बघावं लागतं. फिनलंडमध्ये वृद्धांचं प्रमाण मोठं आहे. आणि हवेच्या ॲलर्जीपासून हृदयविकारापर्यंत सगळं या एका 'हो'मध्ये मावतं.

खऱ्या अडचणी नाहीत असंही नाही. मुलांमधल्या टाइप वन मधुमेहाचं प्रमाण जगात सर्वांत जास्त असलेल्या देशांत फिनलंडचं नाव वर्षानुवर्षं सर्वांत वर आहे. 1960 च्या दशकात मध्यमवयीन फिनिश पुरुषांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू जगात सर्वांत जास्त प्रमाणात होते. त्यावर उपाय म्हणून 1972 मध्ये पूर्वेकडच्या नॉर्थ करेलिया भागात एक मोठा प्रकल्प सुरू झाला. पेक्का पुस्का हे तरुण डॉक्टर त्याचे प्रमुख होते. लोणी कमी, मीठ कमी, भाज्या जास्त, तंबाखू बंद, अशा साध्या बदलांसाठी गावोगावी काम झालं. पुढच्या काही दशकांत तिथल्या कामाच्या वयातल्या पुरुषांमध्ये हृदयविकाराचे मृत्यू 80 टक्क्यांहून जास्त घटले. दम्यासाठीही 1994 ते 2004 असा दहा वर्षांचा राष्ट्रीय कार्यक्रम झाला.

दीर्घकाळचा आजार मान्य करणं म्हणजे हार मानणं नव्हे, हे या इतिहासातून दिसतं. आजार मोजला गेला, म्हणून त्यावर काम करता आलं.

नोकरी आणि हा शब्द

दीर्घकाळचा आजार आणि दीर्घ रजा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधुमेह असलेला माणूस तीस वर्षं एकही लांब रजा न घेता नोकरी करू शकतो. फिनिशमध्ये रजेचा आणि भत्त्याचा हिशेब वेगळ्या शब्दांनी होतो. आजारपणात मिळणाऱ्या दैनिक भत्त्याला 'साइराउस्पॅइवॅराहा' म्हणतात आणि तो साधारण एका वर्षापर्यंत मिळू शकतो.

फिनलंडमध्ये नोकरी देणाऱ्याने कर्मचाऱ्यांसाठी आरोग्यसेवेची सोय करणं कायद्याने बंधनकारक आहे. तिला 'त्युओतेर्वेय्स' म्हणतात. तिथल्या डॉक्टरला आजार सांगणं म्हणजे साहेबाला सांगणं नव्हे. डॉक्टरवर गोपनीयतेचं बंधन असतं. नोकरीतल्या खासगीपणाबद्दल 2004 चा एक वेगळा कायदाही आहे आणि त्यानुसार कंपनीला कर्मचाऱ्याच्या आरोग्याची माहिती मनाला येईल तशी गोळा करता येत नाही. त्यामुळे दवाखान्याच्या फॉर्मवर 'हो' लिहिलं तर नोकरीवर गदा येईल, या भीतीने आजार लपवू नये.

फॉर्म भरताना काय लक्षात ठेवावं?

हेलसिंकी, एस्पो या भागांत शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मराठी कुटुंबांना, आणि त्यांच्याकडे महिना-दोन महिने राहायला जाणाऱ्या आई-वडिलांना, हा भाग उपयोगी पडेल.

- रोजची गोळी चालू असेल तर 'हो' लिहा. शुगर, बीपी, थायरॉईड, कोलेस्टेरॉल, फिट्स, दमा, मनाच्या आजारावरची औषधं, सगळं यात येतं. 'कंट्रोलमध्ये आहे' म्हणून आजार संपत नाही. गोळी आहे म्हणूनच तो कंट्रोलमध्ये आहे.
- आजाराचं नाव आणि औषधातल्या मूळ घटकाचं नाव लिहा. आपल्याकडचं ब्रँडचं नाव तिथल्या डॉक्टरला ओळखीचं नसतं. स्ट्रिपवर बारीक अक्षरांत घटकाचं नाव आणि मिलिग्रॅम दिलेले असतात, तेच उतरवा.
- दातांच्या डॉक्टरकडेही खरं सांगा. दात काढण्याआधी रक्त पातळ करण्याची गोळी, मधुमेह, हृदयाची तक्रार यांची माहिती नसेल, तर जास्त रक्तस्राव किंवा जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. ऑपरेशनआधी भूल देणाऱ्या डॉक्टरसाठी तर ही माहिती अत्यावश्यक असते.
- आयुर्वेदिक किंवा होमिओपॅथिक औषधं चालू असतील तर तीही लिहा. आजाराच्या प्रश्नाखाली सहसा नियमित औषधांचाही प्रश्न असतो. काही काढे आणि चूर्णं इतर औषधांच्या कामात अडथळा आणू शकतात.
- शंका असेल तर कोरं सोडू नका. आजाराचं नाव इंग्रजीत लिहा आणि समोरच्याला विचारा.

नेहमी पडणारे प्रश्न

*गरोदरपण यात येतं का?* नाही, तो आजार नाही. गरोदरपणात आढळलेला मधुमेह किंवा रक्तदाब मात्र वेगळा सांगावा.

*कॅन्सर बरा झाला असेल तर?* आता आजार नसला तरी झालेले उपचार पुढच्या डॉक्टरसाठी महत्त्वाचे असतात. वर्षासह लिहावं.

*मानसिक आजार धरतात का?* हो. दीर्घकाळचं नैराश्य किंवा बायपोलर आजार हेही पित्कॅ-आइकाइस-साइराउसच. गेल्या काही वर्षांत फिनलंडमध्ये काम करण्याची क्षमता गेल्यामुळे दिल्या जाणाऱ्या पेन्शनचं सर्वांत मोठं कारण मानसिक आजार हे राहिलं आहे.

*चष्मा लागणं यात येतं का?* साधारणपणे नाही. काचबिंदूसारखा डोळ्यांचा आजार असेल आणि रोज थेंब घालावे लागत असतील, तर येतं.

पित्कॅ-आइकाइस-साइराउस हा शब्द माणसाला घाबरवत नाही आणि खोटा धीरही देत नाही. किती वाईट, किती चांगलं, हे तो डॉक्टरवर आणि काळावर सोडतो. आपल्या बोलण्यातल्या 'काही नाही हो, थोडी शुगर आहे' या वाक्यात समोरच्याची काळजी वाढू नये अशी माया असते, आणि घरात ते वाक्य शोभतंही. पण दवाखान्याच्या कागदावर मायेपेक्षा माहिती कामाची. तिथे 'हो' लिहा, आणि पुढे आजाराचं नाव लिहा.